बोगद्यावरचे आबा

“फोटूले आवाज ऱ्हास का?”

इंजिनाच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून आबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. फोटोला आवाज असतो का? मी धुळे स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला गुडघ्यावर बसून कॅमेरा रोखला होता. उत्तरही त्यांनीच दिलं. “नही ना? मंग कसाले काढस? कान उघडा ठेव आनि ऐक!” आणि खिडकीची काच धाडकन बंद केली.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. सगळे त्यांना आबा म्हणत. धुळे-चाळीसगाव पॅसेंजरवर ते ड्रायव्हर होते. रागीट माणूस म्हणून स्टेशनभर प्रसिद्ध. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचा आवाज आधी येतो आणि माणूस मागून.

माझं धुळ्यात चष्म्याचं दुकान आहे. रविवारी ते बंद ठेवून मी डिझेल इंजिनांचे फोटो काढायला जात असे. हे वेड कसं लागलं ते सांगत बसत नाही. ज्याला आहे त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याला नाही त्याला समजत नाही. जुनं इंजिन जागेवर उभं असतानाही पोटातून धडधडत असतं. सुटताना काळा धूर आभाळात जातो आणि पायाखालची जमीन हलते. एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं उन्हात उभा राहिलो.

आमच्या गाडीला एकच इंजिन. शेवटच्या स्टेशनावर ते सोडून दुसऱ्या टोकाला जोडत. त्यामुळे एका दिशेला जाताना ड्रायव्हरची केबिन पुढे असायची, आणि दुसऱ्या दिशेला इंजिनाचं लांबलचक नाक पुढे आणि ड्रायव्हर त्याच्या मागे. आम्हा फोटोवाल्यांना लांब नाकाचा फोटो फार प्रिय. मी तसं एकदा आबांना बोललो.

“प्रिय?” ते म्हणाले. “ये, बस माझ्या जागेवर. पुढे काय दिसतं सांग. एका बाजूचा रूळ दिसतो. दुसऱ्या बाजूला कोण मरतंय ते माझ्या सहायकाने ओरडून सांगायचं. आणि तुला प्रिय!”

आबा शांत असले की साधी मराठी बोलत, चिडले की अहिराणी. कोणती भाषा कानावर येते त्यावरून स्टेशनातले लोक जवळ जायचं की नाही ते ठरवत.

पुढे ते माझ्या दुकानात चष्म्याला आले. तपासणीत लांबची नजर पोरासारखी लख्ख निघाली; वाचायला मात्र भिंग हवं होतं. मी तसं सांगितल्यावर म्हणाले, “माले दूरनं दिसस, जोडेनं दिसत नही. आमना साहेबले दूरनं बी दिसत नही आनि जोडेनं बी नही. त्यास्ना चष्मा शे का तुन्हाजोडे?”

मी हसलो. ते हसले नाहीत. पिशवीतून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला. वाटेतल्या एका गावाबद्दल त्यांनी वरती पाठवलेल्या लेखी तक्रारींच्या त्या प्रती होत्या. नवा चष्मा लावून त्यांनी पहिली प्रत स्वतःच मला वाचून दाखवली.

त्या गावाजवळ पूर्वी फाटक होतं. ते काढलं आणि रुळाखालून बोगदा केला. बोगदा म्हणजे खड्डाच. पाऊस पडला की त्यात कमरेइतकं पाणी, आणि ते उतरायला दिवाळी यायची. निम्म्या गावाची शेतं पलीकडे. मग बाया भराव चढून रुळावरून जायच्या, डोक्यावर भारा घेऊन. त्यातच गाडी वळण घेऊन येते. बोगदा कुणी आखला, कुणी बांधला, ‘काम उत्तम’ अशी सही कुणी केली, मला आजवर समजलेलं नाही. समजलं असतं तर इथे लिहिलं असतं. आबांनी तीन पावसाळे लिहिलं : पाणी काढा, नाहीतर फाटक परत द्या, एखादी बाई माझ्या गाडीखाली येईल. ‘माझ्या गाडीखाली’ या शब्दांखाली प्रत्येक प्रतीत रेघ मारलेली होती.

उत्तर एकालाही नव्हतं.

तो दिवस भाद्रपदातला, रविवार. वळणावरचा हिरवा उतार चांगला दिसतो म्हणून मी त्याच गावाजवळ, रुळापासून शंभर-दीडशे पावलांवर, एका बाभळीखाली उभा होतो. आबांचं ऐकून ऐकून मी एव्हाना आवाजही घ्यायला लागलो होतो. मोबाइल दगडाला टेकवून त्यावर चित्रीकरण चालू ठेवायचं आणि हाताने कॅमेऱ्यात फोटो काढायचे. त्या दिशेला लांब नाक पुढे होतं.

हॉर्न मी ऐकला. एकदा लांब, पुन्हा लांब, मग थांबतच नव्हता. पाच-सहा बाया रूळ ओलांडत होत्या. सगळ्या पार झाल्या. शेवटची मागे वळली. तिचा विळा पडला होता म्हणे. पस्तिशीची बाई. ब्रेकचा तो किंचाळणारा आवाज मी कधीच विसरणार नाही. गाडी थांबली, पण तिच्या पुढे जाऊन.

आबा खाली उतरले. धावत मागे गेले. अंगातला सदरा काढून त्यांनी तिच्यावर टाकला आणि तिथेच खडीवर बसले. गाव धावून आलं. कुणीतरी त्यांच्या बनियनला धरून उभं केलं. “शिटी का नही वाजाडी रे?” दुसऱ्याने मारलं. तिसऱ्याने मारलं. आबा एवढंच म्हणत होते, “वाजाडी. मी वाजाडी.” आयुष्यभर दुसऱ्यावर ओरडलेल्या माणसाचा आवाज तेव्हा निघत नव्हता.

आणि मी? मी मोबाइल उचलून खिशात टाकला आणि मोटारसायकलला किक मारली.

हे लिहिताना मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. रुळाशेजारी विनापरवाना फोटो काढणं गुन्हा आहे. वर्षभरापूर्वी आमच्यातल्या एकाचा कॅमेरा जप्त झाला होता, त्याला कोर्टात उभं राहावं लागलं होतं. माझं दुकान, माझी अब्रू, माझा कॅमेरा. आबांना निलंबित केल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं. आरोप : शिटी दिली नाही. सहायकाची साक्ष धरली नाही, कारण तो त्यांचाच माणूस. गावातल्या चौघांनी सांगितलं, शिटी ऐकली नाही. ते खोटं बोलत होते असंही मी म्हणणार नाही. प्रेत पाहिल्यावर माणसाच्या कानातलं बाकी सगळं निघून जातं.

माझ्या मोबाइलमध्ये हॉर्न होता. पहिल्या शिटीपासून शेवटच्या ब्रेकपर्यंत सगळं. आणि मी अठरा दिवस लोकांना काचेवरची अक्षरं वाचायला लावत दुकानात बसलो.

एकोणिसाव्या दिवशी बायको म्हणाली, “तुम्ही ते देणार नसाल तर मला द्या. मी नेऊन देते.” तेव्हा मी उठलो.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी चित्रफीत पाहण्याआधी मला विचारलं, “तुम्ही तिथे काय करत होता?” पाहून झाल्यावरही तेच विचारलं. माझ्यावर गुन्हा नोंदवला, कॅमेरा ठेवून घेतला. मी म्हणालो, “साहेब, हॉर्न ऐकू आला ना?” ते म्हणाले, “ते आम्ही बघू.” मी म्हणालो, “आणि बोगदा? त्याच्यावर लेखी तक्रारी आहेत.” त्यांनी फाइल मिटली. “तो या चौकशीचा विषय नाही.”

एक बाई मेली होती बोगद्यातल्या पाण्यामुळे, आणि बोगदा चौकशीचा विषय नव्हता.

आबा आरोपातून सुटले. पण त्यांना परत इंजिनावर कुणी बसवलं नाही. कचेरीत ड्रायव्हरांची हजेरी मांडायला बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

मी भेटायला गेलो. मला वाटलं होतं, ते पाठीवर हात ठेवतील. त्यांनी मान वर केली, चष्मा काढला.

“अठरा दिवस,” ते म्हणाले. साध्या मराठीत. आवाज न चढवता. “त्या बाईचा नवरा अठरा दिवस मला खुनी समजत होता. तुला माहीत होतं, मी नाही. जा आता.”

मी गेलो. पुढे वर्षभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्म्याची काच तडकली तर चाळीसगावला जाऊन बदलून आणली. कॅमेरा मला परत मिळाला, पण हात लावावासा वाटेना. जुने फोटो संगणकावर पाहत बसलो, तर त्यात आबांचा एकही नाही. आमच्या फोटोवाल्यांचा नियमच तसा : इंजिनाच्या फोटोत माणूस आला की फोटो बाद. शेकडो फोटो मी एवढ्यासाठी पुसले होते, की खिडकीतून कुणाचं तरी डोकं बाहेर आलं होतं.

त्या बाईच्या नवऱ्याकडे मात्र आबा स्वतः गेले. हे मला त्या नवऱ्यानेच नंतर सांगितलं. आबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, “तुला मारायचं असेल तर मार. मारून झालं की हा कागद वाच.” त्याने मारलं नाही. दोघांनी मिळून नवा अर्ज केला. सगळ्यात वर नवऱ्याची सही, खाली आबांची. मग बाकी गावाच्या सह्या आणि अंगठे. ज्यांनी आबांना मारलं होतं, त्यांचेही. रेल्वेचे एक साहेब एकदा पाहणीला आले. उन्हाळ्यात आले. बोगदा कोरडा होता. “पाणी कुठे आहे?” म्हणाले आणि गेले.

मधल्या काळात आमच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या. पहिलं विजेचं इंजिन हार घालून धुळ्याला आलं, बँड वाजला, पेढे वाटले. आमच्यातले काही जण डिझेल गेलं म्हणून डोळे पुसत होते. आबा गर्दीत मागे उभे होते. एक वर्षानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटतंय.

“आवाज ऐकना का?” ते म्हणाले.

“नाही आबा. गुपचूप आलं.”

“मंग?” ते एकदम भडकले. “डिझेल दोन गावं आधी ऐकू ये! त्या बाया कानवर चालतीस, डोळावर नही. भारा डोक्यावर ऱ्हास, मान वळस का त्यास्नी? आते ही गाडी गुपचूप ई, आनि बोगदामा पानी शेच!”

पेढ्याचा पुडा घेऊन पुढे आलेल्या माणसाने पुडा तसाच मागे नेला.

निवृत्त झाल्यावर आबा साक्रीकडच्या आपल्या गावी जातील असं सगळ्यांना वाटत होतं. ते गेले नाहीत, धुळ्यातच खोली घेऊन राहिले. पाऊस सुरू झाला आणि बोगदा भरला तसे ते रोज सकाळी आणि दुपारी त्या वळणावर जाऊन उभे राहू लागले. गाडीच्या वेळेआधी पंधरा मिनिटं. हातात छत्री, पायात प्लास्टिकचे बूट. बाया भराव चढू लागल्या की वरून ओरडायचे, “थांब! खाले व्हय! मरी जाशी!” बाया आधी हसल्या, मग चिडल्या, मग थांबायला लागल्या. गाडी गेली की आबा हाताने खूण करायचे, आणि सगळ्या रांगेने पार व्हायच्या.

मी एका रविवारी गेलो. त्यांच्याशेजारी उभा राहिलो. ते वळणाकडेच पाहत होते. मग म्हणाले, “त्या टोकाला जा. तिकडून चढतात त्या मला दिसत नाहीत.” मी त्या टोकाला गेलो. आमचं भांडण मिटलं की नाही, कुणास ठाऊक. त्यानंतर प्रत्येक रविवारी मी त्या टोकाला होतो.

असे दोन पावसाळे. सरकारने करायचं काम एक म्हातारा माणूस छत्री घेऊन करत होता. याचं कौतुक करणारी बातमी एकदा छापून आली, फोटोसकट. आबांनी ती टरकावली. “कौतुक कसानं? पानी काढा ना!”

तिसऱ्या पावसाळ्याच्या आरंभी ते गेले. दुपारची गाडी घालवून खोलीवर आले, जेवायला बसले आणि ताटावरच कलंडले. अंत्ययात्रेला रेल्वेचे थोडे लोक होते. आणि त्या गावातून एक ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. त्या बाईचा नवरा पुढे होता. खांदा द्यायला तो कुणाला विचारायला थांबला नाही.

पुढच्या रविवारी मी वळणावर गेलो. या वेळी आबांच्या जागेवर उभा राहिलो. बोगदा भरलेला होता. पलीकडून एक बाई गवताचा भारा घेऊन चढू लागली. गाडी यायची वेळ झाली होती. मी ओरडलो. माझा आवाज चिरका आहे. तरी ती थांबली. गाडी आली तेव्हा अगदी जवळ येईपर्यंत मलाही ऐकू आली नाही. ती गेल्यावर बाई वर आली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “तो आबा कोठे गया, भाऊ? आज दखायना नही.”

ती माहेरी गेली होती, तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं.

भारा डोक्यावर तसाच धरून ती उभी राहिली. खाली पाण्याकडे पाहिलं, मग वळणाकडे.

“मंग आते रोज कोन वरडी आमनावर?” तिने विचारलं.

मी म्हणालो, “मी फक्त रविवारी येतो.”

दोन्ही बाजूंना, भाऱ्यासकट आख्खं अंग वळवून, तिने पाहिलं आणि रूळ ओलांडून गेली.