चुकूच न देणारा क्लास

आमच्या क्लासमध्ये कोणाला चुकताच यायचं नाही. पण हे मला कळलं घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात, चारचौघांत शोभा झाल्यावर.

नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा, चाळिशी उलटलेली असताना, मी कल्याणातला हा कॉम्प्युटर क्लास लावला. स्क्रीनवर प्रश्न यायचा, खाली एक्सेलचं चित्र. बरोबर जागी क्लिक केलं की पुढचा प्रश्न. चुकीच्या जागी केलं तर टूं असा आवाज व्हायचा आणि पान जागचं हलायचं नाही. मग काय, आम्ही बायकांनी जागाच पाठ केल्या. ‘बेरीज, वरून दुसरी पट्टी, उजवीकडचं टोक!’ पाढे म्हणावेत तसं सगळ्या एका सुरात म्हणायचो. परीक्षेत मी पहिली आले. चाळीत पेढे वाटले. शेजारीण म्हणाली, “आता काय बाई, तू ऑफिसवाली!” मलाही ते खरंच वाटलं.

नोकरीसाठी घोडबंदर रोडच्या त्या ऑफिसात गेले, तर तिथल्या मुलीने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. “मॅडम, ही कामगारांची हजेरी. एक्सेलमध्ये भरा आणि प्रत्येकाची बेरीज काढा. सावकाश करा.”

समोर नुसते पांढरे चौकोन. प्रश्न कुठेच नाही. मी वरून दुसऱ्या पट्टीचं उजवं टोक दाबलं, तर भलतंच काहीतरी उघडलं. टूं झालं नाही. शेजारी दाबलं, तेही उघडलं. कुठेही दाबा, ते मुकाट्याने ऐकत होतं! चुकलीस म्हणून कोणी अडवेचना. भरलेले आकडे बघता बघता गायब झाले. शेवटी बोटांवर मोजून बेरजा टाइप करत बसले, तेवढ्यात ती मुलगी मागे येऊन उभी राहिली.

“मॅडम, एक्सेल येतं म्हणालात ना?”

उर्मटपणे बोलली असती तर बरं झालं असतं. ती बिचारी हळू आवाजात बोलली. मग म्हणाली, “कळवतो आम्ही.” म्हणजे काय ते मला न कळण्याइतकी मी खुळी नाही.

तिथून तडक क्लासला गेले. नवी बॅच चालू होती, ‘वरून दुसरी पट्टी’ चाललं होतं. आमचे सर म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा.

“सर, घोडबंदर रोडच्या त्या हजेरीवाल्या ऑफिसात माझी शोभा झाली. खरं एक्सेल उघडून दाखवा. आत्ताच्या आत्ता.”

“अहो ताई, पास तर झालात ना?”

“उघडा म्हणते ना!”

त्यांनी एक मशीन बघितलं, दुसरं बघितलं, मग बायकांना उठवून सगळी बघितली. एक्सेल एकातही नव्हतं. इतके दिवस आम्ही परीक्षेची नुसती चित्रं दाबत होतो! तोंडाशी आलेल्या शिव्या गिळून मी विचारलं,

“मग तुम्ही कुठे शिकलात?”

“इथेच. तुमच्या आधीच्या बॅचला.”

मी बाहेर आले आणि जिना उतरायला लागले. सर चपला न घालताच मागून धावत आले. वर कोणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाले,

“ताई, त्या ऑफिसात नेमकं काय करायला देतात ओ? सोमवारी मला पण मुलाखतीला तिथेच बोलावलंय.”