बिशपचा उजवा हात

बिशप पेलिंगचं नाव काढलं की मी आजही थुंकते. कातडी कमावणाऱ्याचा हा पोरगा. एका उमरावाच्या मुलाला लॅटिन शिकवता शिकवता मेल्याने त्याची आत्याच पदरात पाडून घेतली. तिच्या वशिल्याने आधी तीन चर्चं मिळवली, मग बिशपची गादी. त्या तीन चर्चांत याने कधी पाऊल टाकलं असेल तर शपथ! लंडनला बसून उत्पन्न तेवढं खायचा.

आमच्या गावात तो कैक वर्षांनी उगवला, पोरापोरींच्या दृढीकरणाला. डोक्यावर बिशपचा हात पडल्याशिवाय माणूस पुरता ख्रिस्ती होत नाही ना! त्यातही हात उजवा हवा. डावा पडला की मुलीचं लग्न होत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझी धाकटी बहीण केझाया तेव्हा अठराची, लोहाराच्या जार्विसशी तिचं ठरलेलं.

चर्चमधली गर्दी बघून बिशपने तोंड वाकडं केलं. दोघा-दोघांना समोर बसवून दोन्ही हात एकदम ठेवायला लागला. मग मध्येच उजवा हात झग्यात खुपसला. “सांधा धरलाय,” म्हणाला, आणि उरलेल्या सगळ्यांवर नुसता डावा.

केझाया काकुळतीला आली. “महाराज, एवढा एकदाच उजवा ठेवा. पाया पडते तुमच्या.”

“देवाला कसलं आलंय डावं-उजवं? आटप, मला जेवायचंय.”

आणि ठेवला डावा! संध्याकाळी पाद्र्याच्या घरी मी वाढायला होते. तोच उजवा हात भाजलेला हंस सपासप कापत होता, चरबी मनगटावरून ओघळत होती. शी!

जार्विसच्या आईने लग्न मोडलं. “डाव्या हाताची सून नको गं बाई मला.” जार्विसने हूं की चूं केलं नाही, शेळपट मेला!

दुसरं कुणी विचारायला आलंच नाही. केझाया गावातली प्रेतं धुऊन पोट भरू लागली. वीसेक वर्षांनी बिशप पुन्हा आला आणि पाद्र्याकडे मेजवानी झोडता झोडताच गेला. बोलावणं केझायालाच आलं. मी मदतीला गेले.

तिने त्याचं सगळं अंग नीट पुसलं. मग तो उजवा हात उचलला आणि वाकून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

“ताई, किती मऊ आहे गं,” ती म्हणाली. “याने आयुष्यात काही म्हणजे काही केलेलं नाही.”

हात टाकून ती अंगणात गेली आणि पंपाखाली डोकं खसाखसा धुतलं.