अर्धी फरशी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली. त्या धंद्यात माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या चोरांचा विचार करतो आणि मग ती सवय घरीही येते. पाहुण्याने पाणी मागितलं तरी सासरे आधी दाराबाहेर जाऊन त्याच्या चपला बघतात. का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "खरी तहान लागलेला माणूस चपला इतक्या नीट जोडून ठेवत नाही." भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्त टाकल्या की त्याच्या तराजूत काहीतरी गडबड. गल्लीत त्यांना मागून दुर्बीण म्हणतात. हे नाव शेजारच्या शिंप्याने ठेवलं असा त्यांचा पक्का समज आहे. खरं तर ते मी ठेवलंय.

असा माणूस घरात असला की करमणूक फुकट होते, पण एखादं साधं काम सरळ होत नाही. फुटपाथचंच बघा. आमच्या आणि शिंप्याच्या घरासमोर मोठं झाड आहे. त्याच्या मुळाने फुटपाथची एक फरशी उचलली, मधोमध फोडली आणि एक कड वर काढून ठेवली. ती फरशी अर्धी आमच्या हद्दीत, अर्धी शिंप्याच्या. तेवढ्यात पालिकेने गल्लीभर नोटिसा वाटल्या. ज्याच्या घरासमोर फुटपाथ, त्याने तो स्वखर्चाने नीट करून घ्यावा.

"झाड त्यांचं, रस्ता त्यांचा, आणि खर्च आपला?" सासऱ्यांनी नोटीस उजेडात धरून मागून-पुढून पाहिली. "इथे पाणी मुरतंय."

मग त्यांनी सिद्धान्त मांडला. जो पहिला दुरुस्ती करील, त्याने तो तुकडा आपला आहे असं कबूल केलं. उद्या तिथे कोणी पडलं की भरपाई त्याच्या गळ्यात. "आज फरशी, उद्या गटार, परवा दिव्याचा खांब. एकदा बोट दिलं की हात गेला." हे त्यांनी गल्लीत कोणालाच सांगितलं नव्हतं, फक्त न्हाव्याला सांगितलं होतं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला पटलं.

आणि मग शहाणपणाचा कळस झाला. झाडून काढणं म्हणजेसुद्धा ताबा दाखवणं, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं. त्या दिवसापासून प्रत्येकाचा झाडू उंबऱ्यापाशी थांबायला लागला. फुटपाथवर पाला साचला, कागद साचले, कोणाची तरी एक चप्पल येऊन पडली आणि तिथेच राहिली. ती उचलायची कोणाची छाती झाली नाही. शिंपी आपल्या बाजूचा पाला आमच्याकडे ढकलतो असा सासऱ्यांना संशय. सासरे पहार घालून त्याच्या बाजूची कड आणखी उचलतात असा शिंप्याला संशय. दोघे आपापल्या खिडकीत बसून एकमेकांवर नजर ठेवायचे. शिंप्याने त्या महिन्यात एक पँट दोन डाव्या पायांची शिवली म्हणतात.

मला हसू यायचं, पण फार वेळ नाही. कारण त्या फुटपाथवरून रोज दुपारी माझ्या सासूबाई जायच्या.

सासूबाईंना काचबिंदू आहे. नजर कडेकडेने जाते त्यात. समोरचं दिसतं, सुईत दोरासुद्धा ओवतात, म्हणून कोणाला कळत नाही. पण बाजूचं आणि पायाखालचं जवळजवळ गेलंय. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते औषधाने टिकवायचं. हे मला माहीत, त्यांच्या बहिणीला माहीत. सासऱ्यांना नाही. मला त्यांनी माझ्या मुलीची शपथ घातली होती.

"त्यांना कळलं ना, तर माझं बाहेर जाणं बंद," त्या म्हणाल्या होत्या.

गल्लीच्या टोकाला बहिणीचं घर. जेवणं आटोपली की त्या एकट्या तिकडे जायच्या, तासभर बसायच्या, एकट्याच परत यायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढाच काय तो त्यांचा स्वतःचा रस्ता. पावलांना तो पाठ होता. पण फरशीची कड वर आल्यापासून त्या तिथे पोचल्या की भिंतीला हात लावून पाय घासत पुढे सरकायच्या. सासऱ्यांची नजर तेव्हाही शिंप्याच्या खिडकीवरच असायची. दोनदा ठेच लागली. दुसऱ्यांदा नख निघालं, ते दारात बोट चेमटलं म्हणून खपवलं.

त्यांनी नवऱ्याला सांगून पाहिलं. "अहो, ती फरशी तेवढी बसवून टाका ना."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "तुला हे कोणी सुचवलं? शिंप्याची बायको बोलली ना तुझ्याशी?"

झालं, विषय संपला. मला त्या दिवशी त्यांचा असा राग आला की मी वरणात मीठच घातलं नाही. तर त्यावरही त्यांना संशय आला.

शेवटी आम्ही बायकांनीच उरकलं. सासरे दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, शिंपी कापड आणायला बाजारात. गवंडी आला, मूळ वाचवून खाली वाळू-सिमेंट भरलं, नवी फरशी बसवली आणि गेला. पैसे सासूबाई, मी आणि शिंप्याची बायको, तिघींनी घातले. शिंप्याची बायको म्हणाली, "मला काही कारण सांगू नका. त्या पाल्याला कंटाळलेय मी." दुसऱ्या दिवशी सासूबाई त्यावरून गेल्या त्या भिंतीला हात न लावता. मी वरून बघत होते. मला फार बरं वाटलं.

सासऱ्यांना मात्र झोप लागेना. फुटका फुटपाथ परवडला, पण हा दुरुस्त झालेला? फुकट कोण कशाला करील? ते फरशीपाशी उकिडवे बसले, सांध्यातून नख फिरवलं, वास घेतला. "काम चांगलंय," त्यांनी जाहीर केलं. "म्हणजे पालिका नाही." मग उरला शिंपी. आता हा हळूच आपली अर्धी बाजूही स्वतःची म्हणणार, नाहीतर कोणी पडलं की आपल्याकडे बोट दाखवणार. त्यांनी शिंप्याला आडून विचारलं. शिंप्याला वाटलं, केलंय यांनीच आणि आता बिल माझ्या माथी मारायला आलेत. तोही काही कबूल होईना. एकाला वाटे दुसरा बनेल, दुसऱ्याला वाटे पहिला. मला खरं बोलायची चोरी होती.

शेवटी सासऱ्यांनी शक्कल काढली. फरशी काढून टाकायची आणि दारात उभं राहायचं. ज्याने बसवली त्याच्या पोटात दुखेल आणि तो बोंबलत येईल.

हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर मी पहार विहिरीत टाकली असती. मी वर कपडे वाळत घालत होते. खालून घासल्यासारखा आवाज आला म्हणून वाकून पाहिलं, तर फरशी भिंतीला टेकवून ठेवलेली, खालची भर उकरून हातभर खड्डा, आणि सासरे बाजूला पहार घेऊन समाधानाने उभे. आणि गल्लीच्या टोकाकडून सासूबाई येत होत्या. मान वर, पाऊल निर्धास्त. दुरुस्त झालेल्या फुटपाथवरून चालत होत्या त्या.

मी ओरडले. पण माझ्या आधी त्यांचा पाय गेला.

सासऱ्यांनी त्यांना येताना पाहिलं होतं. हाक मारायची गरजच काय, असं त्यांना वाटलं असणार. एवढा मोठा खड्डा, भर दुपारचं ऊन, बाजूला नवरा उभा. सासूबाई गुडघ्यांवर पडल्या, एक मनगट अंगाखाली आलं. पहार खाली पडल्याचा आवाज झाला तशी त्यांनी त्या दिशेला मान केली, पण जरा भलतीकडेच.

"कोण आहे तिथे?" त्या म्हणाल्या. "जरा हात देता का?"

मी जिना उतरून पोचले तेव्हा सासरे त्यांच्याजवळ खाली बसले होते. त्यांचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. ते आपला हात सासूबाईंच्या डोळ्यांच्या बाजूला नेत होते, मागे घेत होते, पुन्हा नेत होते.

"मी आहे गं," ते म्हणाले. "कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"मला का नाही सांगितलंस?"

सासूबाईंनी मनगट चोळलं. "तुम्ही कुलूप लावलं असतंत."

मी वाट पाहत होते, आता विचारतील, फरशी कोणी बसवली, पैसे कुठून आले, डॉक्टर कोणता. एकही प्रश्न आला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. सूज उतरायला बरेच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत सासऱ्यांनी शिंप्याच्या दुकानात जाऊन सांगितलं की दोन्ही अर्ध्या बाजू माझ्या, खर्च माझा, पुढे काही झालं तरी माझंच. शिंप्याने कात्री खाली ठेवली आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "यात तुमचा काय डाव आहे?" त्याने विचारलं. सासरे म्हणाले, "डाव नाही. माझी बायको जाते तिथून."

फरशी त्यांनी स्वतःच बसवली. गवंड्यावर भरवसा नाही म्हणाले.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाई उठल्या, पदर नीट केला आणि दाराशी गेल्या. सासरे दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्या समोर थांबल्या. मी ओट्यापाशी हातातलं भांडं धरून उभी राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, मी येतो बरोबर. नाहीतर म्हणतील, आज नको. त्या दोन शब्दांवर त्या बाईचं सगळं उरलेलं बाहेर जाणं टांगलेलं होतं, आणि ते सासऱ्यांनाही ठाऊक होतं.

सासऱ्यांनी पाय आत घेतले.

"सिमेंट ओलं आहे," ते म्हणाले. "भिंतीच्या बाजूने जा."