ओळखपरेडीत पप्पा उभे राहिले

इथले भुताटकीचे अनुभव मी आजवर फक्त खोडून काढण्यासाठी वाचले. आमच्या घरात देव्हारा नाही, पप्पांच्या पत्रकांचे गठ्ठे आहेत. भुतंखेतं म्हणजे गरिबाला घाबरवायचा धंदा, हे ऐकतच मी वाढले. तरीही हे लिहितेय...

मी क्रिमिनॉलॉजीत एमए करते. कॉलेज आकुर्डीला, घर चिखलीत. पप्पा चाकणच्या एका कंपनीत, पत्रे दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये लाइन लीडर, शिवाय युनियनचे पुढारी. त्यांच्याच लाइनवर काम करणारे दत्तूकाका गेल्या वर्षी प्रेसखाली सापडून गेले. प्रेसला सेन्सर असतो — हात आत गेला की मशीन थांबतं. सेन्सर चकवायला टेप लावली की मशीन थांबत नाही, माल भराभर निघतो. कंपनी म्हणाली, टेप दत्तूनेच लावली. त्यांची बायको, आमच्या काकू, सगळ्यांना एकच सांगत — "पैशाचं बघू नंतर, आधी त्यांच्यावरचा डाग काढा." पप्पांनी पत्रक काढलं: 'टेप लावायला सांगणारा कोण?' कंपनीच्या गेटवर ते मी स्वतः वाटलं.

मागच्या महिन्यात आमचं ओळखपरेडीचं प्रॅक्टिकल होतं. संशयितासारख्याच दिसणाऱ्या माणसांची रांग लावायची, साक्षीदाराने खांद्याला हात लावून ओळखायचं. 'चोर' झाले होते आमच्या कॉलेजचे शिपाईमामा — पन्नाशीचे, मिशीवाले. वर्गात तशी मिशी कुणालाच नाही, म्हणून मुलांनी आपापले वडील-काका आणले. मी पप्पांना आणलं.

"काका, सरळ उभे राहा, तुम्ही जास्तच गुन्हेगार दिसताय," परेड घेणाऱ्या नायब तहसीलदाराचं काम करणारा वर्गातला प्रतीक म्हणाला. सगळे हसले. पप्पाही.

साक्षीदार होती रुक्सार. आमच्याच वर्गातली, लातूरची, नुकतीच आलेली. चाकण तिने पाहिलेलं नाही, माझं घरही नाही. सकाळी शिपाईमामांना पर्स उचलताना तिने पाहिलं होतं, बस.

ती आत आली. मामांना ओलांडून गेली आणि पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"ह्योच. म्या न्हाई म्हनलं व्हतं. ह्यो म्हनला, टेप लाव दत्तू, शिफ्टचं टारगेट हाय."

रुक्सार अशी बोलत नाही. मावळातले दत्तूकाका असं बोलायचे.

प्रतीकने चेष्टेत विचारलं, "मॅडम, पर्सचं काय?" तिने गोंधळून हात काढला. "मी मामांनाच हात लावला ना?" आजही ती हेच सांगते.

मी पप्पांकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

स्कूटरवर घरी येताना स्पाइन रोडला त्यांनी विचारलं, "त्या पोरीला कुणी सांगितलं?"

'हे खोटं आहे' असं ते म्हणालेच नाहीत. मी गाडी बाजूला घेतली.

"पप्पा, तुम्ही सांगितलं होतं टेप लावायला?"

"तिथे आम्ही दोघंच होतो. वरून रेटा होता गं. मी नसतं सांगितलं तर दुसऱ्याने सांगितलं असतं."

"मग ते पत्रक?"

"लोक भडकले होते. कुणीतरी लिहायलाच हवं होतं."

ज्या माणसाने मला प्रश्न विचारायला शिकवलं, त्याने तो प्रश्न माझ्याच हातून गेटवर वाटून घेतला होता. उत्तर खिशात ठेवून.

"काकूंना सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगते."

दुसऱ्या दिवशी मीच गेले. काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझा बाप दर रविवारी येतो. वहिनी, काही लागलं तर हक्काने सांगा, म्हणतो." मग म्हणाल्या, "आता लागलंय."

मी निरोप दिला, पण पप्पा खरं सांगायला काकूंकडे गेले नाहीत. माझ्याशी बोलतही नाहीत.

मी सगळे तर्क लावून पाहिले. रुक्सारला कुणी पढवलं असेल, तर का? शॉपमधलं ते बोलणं दोघांपुरतं होतं, आणि त्यातले एक गेले. मला खरंच कळलेलं नाही. कळलं असं म्हणणं खोटं होईल.

रुक्सारचं बोलणं कुठल्याच कोर्टात टिकणार नाही, तेवढा कायदा मी शिकले आहे. पण स्पाइन रोडला पप्पा जे बोलले ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. सोमवारी काकूंना घेऊन पोलिसांत जबाब द्यायला जातेय.