मे महिन्यातला स्वेटर

शेजारच्या काकू लेक-जावयाबरोबर नॉर्वेला, जहाजाच्या सहलीला निघाल्यात. तिथं एकाच दिवशी ऊन, पाऊस अन् बर्फ पडतो हे कळल्यापासून बोरी गावातल्या त्यांच्या घरात बॅग रोज भरते, रोज रिकामी होते. "पातळ आत, जाड वर, पावसाचं हाताशी," असं त्या बॅगेलाच बजावतात.

लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून काकू जावयाशी एक शब्द बोललेल्या नाहीत. व्हिडिओ कॉलवर तो दिसला की "दूध उतू चाललं" म्हणत उठतात, गॅस बंद असला तरी.

काल भर दुपारी त्यांनी स्वतः विणलेला स्वेटर माझ्या अंगात चढवला. मी घामानं निथळलो.

"काकू, हा तुम्हाला लय मोठा होईल."

"माझा कुठंय? जावई तुमच्याच अंगापिंडाचे हायत का, भाऊ?"

माप विचारायला मी त्यांच्या लेकीला फोन लावला, तर उचलला जावयानं. काकूंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"छाती किती इंच तुमची?" त्या म्हणाल्या. "सैलच ठेवते. आत अजून एक घालावा लागंल."

आत गॅसवर दूध खरंच उतू चाललं होतं. काकू उठल्या नाहीत.