यादीत नापास झालेलं घड्याळ

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. स्थळ आमचं नाशिकरोडचं घर. हजर: मी, बायको, मेव्हणी आणि तिचे यजमान, म्हणजे माझे साडू. शिवाय साडूंच्या मनगटावर ते घड्याळ.

मी बघताक्षणी ओळखलं. काळी तबकडी, खाली ब्रिटिश फौजेच्या मालावर असायची ती बाणाची खूण, सहाच्या आकड्याजवळ बारीक ओरखडा. चार महिन्यांपूर्वी मी ते हातात घेऊन परत केलं होतं.

लष्करी घड्याळं मी बावीस वर्षं जमवतोय. घेण्यापूर्वी दहा मुद्दे तपासतो आणि एक जरी चुकला तरी घेत नाही. हे घड्याळ देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त हवालदारकाकांचं, त्यांच्या वडिलांना फौजेत मिळालेलं. तीन मुद्दे पार पडले आणि चौथ्यावर अडलं. आकडे नंतर रंगवलेले होते. "काका, तबकडी मूळची नाही," असं सांगून, त्यांचा चहा अर्धा टाकून मी निघालो होतो.

"कुठे मिळालं?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"अहो, त्या काकांचा गीझर बिघडला होता. तुम्हीच नव्हता का त्यांना माझा नंबर दिला?" साडू एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन आहेत. "दुरुस्त केला, गप्पा मारल्या, जेवलो. निघताना त्यांनी हे हातात बांधलं. तुमच्या यादीत नापास झालेलं पोर आमच्याकडे पास झालं बघा, साडूबुवा!"

बायको हसली. मला तिचाही राग आला.

"रोज घालतोय," साडू म्हणाले. "परवा शेतावर कांद्याच्या फवारणीलासुद्धा हेच होतं."

फवारणीला! मी माझी घड्याळं सुती कापडात गुंडाळून ठेवतो आणि महिन्यातून एकदा किल्ली देतो. या माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि घड्याळ मात्र चालत त्याच्याकडे येतं. जेवताना माझं लक्ष आमटीत नव्हतं, त्यांच्या डाव्या हातावर होतं.

निघताना त्यांनी ते काढून माझ्यापुढे ठेवलं. "खरं की खोटं, एकदा उघडून बघा. खोटं असलं तर तुमच्याकडेच ठेवा, पार्ट काढायला होतील. खरं असलं तर मात्र काकांच्या नातवाच्या लग्नात मी घालून मिरवणार!"

मंगळवारी मी ते माझ्या नेहमीच्या घड्याळजींकडे नेलं, साडूंचं आहे असं सांगून. त्यांनी मागचं झाकण उघडून भिंगाखाली धरलं. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या, एकीखाली एक अशा तीन.

"या लष्कराच्या वर्कशॉपच्या," ते म्हणाले. "अंधारात चमकणारा जुना रेडियमचा रंग घातक, म्हणून तो खरवडून त्यांनीच आकडे पुन्हा रंगवले. रंग नवा आहे म्हणूनच घड्याळ अस्सल. साडूंना सांगा, नशीब काढलंत."

बावीस वर्षांत हा मुद्दा माझ्या यादीत कधी आलाच नव्हता. त्याच दुकानात उभ्या उभ्या मी चौथा मुद्दा खोडून नव्याने लिहिला. तेवढं चटकन जमलं.

घड्याळ माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात, सुती कापडात. साडूंचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा मी म्हणालो, "बघतोय अजून." लग्न येत्या रविवारी आहे.

आजच्या कामांची यादी: गॅसचा नंबर लावणे, झालं. आईच्या गोळ्या, आणल्या. घरपट्टी, भरली. साडूंना फोन करून घड्याळ खरं असल्याचं सांगणे. ही ओळ रोज कालच्या पानावरून आजच्या पानावर उतरवतो. आजही उतरवली आहे. तिच्यापुढची खूण तेवढी राहिली आहे.