तोंड नको, ग्लास दाखवा

आमच्या वहिनीचा आवाज मुळातच वर्गाच्या मापाचा. शाळेच्या इमारतीला तडे गेले, दुरुस्तीसाठी कुलूप लागलं आणि तिचा विज्ञानाचा तास आमच्या स्वयंपाकघरात भरू लागला, तेव्हा तो आवाज शेजाऱ्यांच्याही वाट्याला आला. ओट्यावर ग्लास, ड्रॉपर, शाईची बाटली; खिडकीच्या गजाला बांधलेला टॅब. तास चालू असताना दादाला पाण्यासाठीसुद्धा आत पाऊल टाकायची सोय नव्हती. तो कुरकुरायचा आणि वहिनी त्याला मुलांदेखत गप्प करायची.

मुलांनाही एका संस्थेनं टॅब दिले होते. पहिल्या दिवशी सगळे पडदे काळे, कुणी कॅमेराच लावेना. "आळशी आहेत मेले," मी म्हटलं. वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट भाजी निवडायला घेतली. तिला बरोबर कळलं होतं. एका खोलीचं घर, मागे कुणी झोपलेलं, कुणी कपडे बदलतंय, दोरीवर सगळ्या घराचे कपडे. ते वर्गाला कोण दाखवणार? दुसऱ्या दिवशी तिनं नियमच केला, "मला कुणाचं तोंड नको. ग्लास दाखवा." तसं पडद्यावर एकेक भांडं दिसू लागलं. ती मुलांना भांड्यांवरून ओळखायला शिकली. कानतुटका कप होता तो एका अबोल मुलीचा.

मग संस्थेचे साहेब तपासणीला आमच्या घरी आले. टॅब वापरात नाहीत असं दिसलं तर ते काढून दुसऱ्या शाळेला देणार होते. बहुतेक घरांत एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर जाणारा. टॅब गेले की तासही गेला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी प्रयोग होता थंड आणि गरम पाण्यात शाईचा थेंब सोडायचा. साहेब पडद्याकडे बघतच राहिले.

"मॅडम, यात विद्यार्थी कुठेत? हे तर भांड्यांचं दुकान आहे."

"विचारा की त्यांना काहीही."

"शाई कुठल्या पाण्यात लवकर पसरली?"

"दोन्हीकडे सारखीच," कानतुटक्या कपामागून आवाज आला. "गॅस आईला हवा होता. माझं पाणी गरम झालंच नाही."

"शाबास," वहिनी म्हणाली. "दिसलं तेच सांगायचं."

साहेब हसले, पण बधले नाहीत. "चेहरे दिसले पाहिजेत. तसा नियम आहे."

"घरं त्यांची आहेत, साहेब. कॅमेरा फिरवा असं मी नाही सांगणार." वहिनीचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. खरं सांगते, मला तिचा रागच आला. एक वाक्य बोलायचं, एवढं काय अडून बसायचं?

माइक चालूच होता. मुलांनी सगळं ऐकलं.

कप बाजूला सरकला. टॅब फिरला तसं छत दिसलं, दोरी, दोरीवरचे कपडे, खाटेवर पडलेली आजी आणि मग मुलीचा चेहरा. केसही विंचरलेले नव्हते.

"मी आहे, सर," ती म्हणाली.

मग दुसरा टॅब वळला, तिसरा वळला. कुणी जिन्यात बसलं होतं, कुणाच्या मागे रात्रपाळी करून आलेला बाप घोरत होता. एक मुलगी शिलाई मशीनच्या खाली जागा करून बसली होती. साहेबांनी मान खाली घातली. "पुरे, मॅडम. कळलं."

टॅब राहिले. दादा खुशीत होता, मीही होते. वहिनी मात्र ओट्याला टेकून रडली. "माझा तास वाचवायला पोरांना घर उघडं करावं लागलं," एवढंच म्हणत राहिली. इतकी वर्षं एका घरात राहून मला ही बाई त्या दिवशी कळली, आणि तिच्याविषयी ऊर भरून आला.

पुढच्या तासाला तिनं नेहमीसारखं सुरू केलं. "चला, कॅमेरे ग्लासकडे."

सगळे वळले. एक वळेना.

"बाई, माझा असाच राहू दे," ती अबोल मुलगी म्हणाली. "मागून आजीलाही बघायचंय."

वहिनीनं शाईची बाटली उचलून पुढे आणली. "आजी," तिनं विचारलं, "तिथून नीट दिसतंय ना?"